इंजिन बंद, चावी खिशात

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर प्रतिक्रियांमध्ये भांडणं नकोत. मी एकतीस वर्षं एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायच्या टेबलावर बसलो. तपासायच्या म्हणजे नाकारायच्या. 'यंत्र आपोआप चालू झाले' हे वाक्य ज्या अर्जात असेल, तो मी चष्मा न लावताच बाजूला ठेवत असे. यंत्र आपोआप काही करत नाही. चावी तशीच राहिलेली असते, ब्रेक विसरलेला असतो, नाहीतर माणूस प्यायलेला असतो... चौथं कारण एकतीस वर्षांत मला भेटलं नाही. भूतबाधा, करणी वगैरे गोष्टी माझ्या लेखी 'कागदपत्रे अपूर्ण' या सदरात जात.

तेव्हा हे वाचून कुणाला 'काका, चष्म्याचा नंबर तपासा' असं लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. मीही तेच लिहिलं असतं.

झालं असं, की मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कोथरूडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत अडेनियमच्या सात कुंड्या जगवून दाखवल्या. एवढ्या अनुभवावर मला वाटलं की आपण नर्सरी काढू शकतो. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावरून आत वळलं की एक गाव लागतं. नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथेच आहेत, आणि त्यातला एक अजून लंगडतोय. गाव म्हणायचं ते सवयीनं. महापालिकेत जाऊन बरीच वर्षं झाली, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, तीन बाजूंना उंच सोसायट्या. त्यांच्या मधोमध रस्त्याला लागून वीस गुंठ्यांचा एक तुकडा शिल्लक होता. तो पारूआक्कांचा. नवरा, म्हणजे गावाचे शंकरनाना, दोन वर्षांपूर्वी गेलेले. मूलबाळ नाही. मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर आणि पुढे सारवलेलं अंगण. ते सोडून बाकीची जमीन मी भाड्यानं घेतली.

पहिल्याच वर्षी धंदा असा वाढला की कुंड्यांची एक ओळ आक्कांच्या अंगणाकडे सरकली. मग दुसरी. आक्का काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही काही बोललो नाही. याला मी तेव्हा मनातल्या मनात व्यवस्थापन म्हणत होतो.

नर्सरीत सगळ्यात जड वस्तू म्हणजे माती. ती घमेल्यानं उचलून माझी कंबर गेली. मग डोक्यात बसलं, की पुढे लोडर लावलेला मिनी ट्रॅक्टर घ्यायचा. जुना, छोटा, कुंड्यांच्या ओळींमधून फिरेल असा. घरी हे जाहीर केल्यावर बायको वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली, "घ्या ना. आणि उद्या दुधाची पिशवी आणायला क्रेन सांगा."

आक्कांच्या जमिनीच्या उत्तरेला कुंपणाला लागून बबनशेठचा बंगला. बबन म्हणजे नानांचा सख्खा पुतण्या. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, प्लॉटिंगचा धंदा. त्याच्या शेडमध्ये तसाच एक ट्रॅक्टर उभा होता. नानांनी घेतलेला, फिकट लाल, पुढे हडपसरच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून बसवलेला लोडर, म्हणजे माती उचलायचे दोन लोखंडी हात आणि टोकाला दातेरी बकेट.

"घरातला हाय, दादा," बबन म्हणाला. "नानांनी जाताना मला दिऊन टाकला. देवळात जायला वापरला आसं समजा."

"ट्रॅक्टर देवळात कोण नेतं?"

"तेच म्हणतो मी. कुनीच न्हाई. म्हंजी वापरलाच न्हाई."

हे मला पटलं! आता ज्यांना जुना ट्रॅक्टर घ्यायचाय त्यांनी माझ्याकडून शिकावं. बघायला गेल्यावर आधी बॉनेटला हात लावायचा. गार असेल तरच पुढे बोलायचं, कारण जुनं इंजिन गार असतानाच आपलं खरं रूप दाखवतं. मी हात लावला. चांगलं गरम लागलं. मी म्हटलं, "उन्हात ठेवलेला दिसतोय." बबन म्हणाला, "व्हय, उनात." ट्रॅक्टर शेडमध्ये होता. तासांच्या मीटरवर आकडा इतका कमी, की मी खूश झालो. ते मीटर तीन वर्षं बंद होतं. रंग ताजा होता, त्याचंही मला कौतुक वाटलं. त्या रंगाखाली ग्रीस भरायची सगळी तोंडं बुजून गेली आहेत हे नंतर कळलं. आणि कागद? ते नानांच्याच नावावर होते. जन्मभर 'कागदपत्रे अपूर्ण' लिहिणाऱ्या माणसानं कागद न बघता ट्रॅक्टर घेतला.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. चावी द्यायला बबन आला तो ट्रॅक्टरच्या मागून वळसा घालून. बकेटसमोरून आला असता तर चार पावलं होती, मागून पंचवीस पडली. मला वाटलं, काय अदब आहे!

ट्रॅक्टर गेटातून आत घेतला तेव्हा आक्का अंगणात डाळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या उठल्या आणि सरळ येऊन बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आला का पवळ्या?"

"ट्रॅक्टरचं नाव आहे?"

"बैलाचं हुतं. त्यो इकून ह्यो घेतला, मंग ह्यालाच पवळ्या म्हनाया लागलं. बबननं किती तास चालीवला इचारलं का तुमी?"

"नाही."

"ह्ये गेल्यापास्नं न्हाईच चालीवला. त्येच्या हातनं सुरू हुत न्हाई त्यो, दुसऱ्याला बोलवावं लागतं. राग धरून हाय."

मी हसलो. त्यांनी मात्र कागदांवर मुकाट्यानं सह्या करून दिल्या. नानांच्या मागे कायद्यानं ट्रॅक्टर त्यांचाच होता. मी त्यांचाच ट्रॅक्टर बबनकडून विकत घेतला होता! वर एकच अट घातली, "भाऊ, परत त्येच्या हाती दिऊ नका."

पुढचा महिना माझ्या पराक्रमांचा. पहिल्याच दिवशी ओल्या मातीनं बकेट काठोकाठ भरली आणि लिव्हर ओढला. लोडरवाल्या ट्रॅक्टरच्या मागे वजन लावावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बकेट जागच्या जागी राहिली आणि ट्रॅक्टरची मागची चाकं वर आली. मी सीटवर बसून हवेत, नाक मातीकडे. समोर कोथरूडहून खास आलेल्या एक डॉक्टरबाई मोगऱ्याची रोपं निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं होऊ दे सावकाश, मी आहे."

दुसऱ्या आठवड्यात हायड्रॉलिकचं तेल तपासलं. लोडर वर उचललेला ठेवून. म्हणजे अर्धं तेल सिलिंडरांत चढलेलं, आणि मला टाकीत तेल कमी दिसलं. भरलं. मग लोडर खाली घेतला, आणि टाकीच्या झाकणातून जे कारंजं उडालं त्यानं माझा शर्ट, बारा जास्वंदी आणि एक मांजर कायमचं रंगवून टाकलं.

शेवटी इक्बालमिस्त्रींना बोलावलं. हडपसरमध्ये त्यांचं छोटं गॅरेज, चाळीस वर्षं ट्रॅक्टरच दुरुस्त करतायत. त्यांनी रंग खरवडून ग्रीसची तोंडं मोकळी केली, सिलिंडरांची सीलं बदलली, मागे बांधायला काँक्रीटचा ठोकळा ओतून दिला, आणि मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

"साहेब, इंजिन बंद करायच्या आधी बकेट जमिनीला टेकवायची. कायम. इंजिन बंद असताना ती खाली येऊ शकते. सील गळलं, पाइप फुटला, लिव्हरला हात लागला, तर धाडकन येईल. पाय जाईल."

"आणि वर?"

"वर कशी जाईल? पंप इंजिनवर. इंजिन बंद म्हणजे ताकद बंद. वर जायचा सवालच नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

मिस्त्री गेल्यावर ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालू लागला. एक खोड सोडून. गेटापासून चाळीसेक फुटांवर, उत्तरेच्या कुंपणाशी, शेवग्याचं एक झाड आहे. तिथून जाताना बकेट आपोआप खाली पडायची. लिव्हरला हात न लावता. भरलेली असो, रिकामी असो, धप्पकन खाली, दात मातीत. दुसरीकडे कुठेही नाही. मी आधी म्हटलं, उतार असेल. बायकोच्या स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणून बॉनेटवर ठेवून पाहिला. उतार नव्हता, पेला फुटला. मिस्त्रींना परत बोलावलं. त्यांनी स्वतः चालवून पाहिला. शेवग्यापाशी बकेट पडली. त्यांनी उतरून नळ्या पाहिल्या, लिव्हर पाहिला, मग टोपी काढून डोकं पुसलं.

"साहेब, दुसऱ्या वाटेनं न्या ना."

चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचा हा सल्ला होता.

अशातच बबन एक दिवस गेटाशी आला. आत नाही आला, गेटाबाहेरूनच बोलला.

"दादा, पुढच्या सोमवारी मोजनी हाय. गेट हलवून ठिवा."

"का?"

"ह्यो रस्त्याकडचा पट्टा आपला हाय. दगड बगा की." त्यानं बोट दाखवलं. गेटाच्या दक्षिणेला हद्दीचा एक जुना दगड होता. "त्या दगडाच्या अलीकडं सगळं माजं. काकीचं पलीकडं."

मी नकाशा काढून बसलो तेव्हा खरा डाव कळला. बबनचा शब्द खरा ठरला तर आक्कांना रस्ताच उरत नव्हता. गेट गेलं, गेटाजवळची विहीर गेली, मागे नुसता बंद तुकडा. त्यात जायचं तर बबनची परवानगी. म्हणजे उद्या तो म्हणेल त्या भावात त्यालाच देऊन टाकायचा. माझी नर्सरी जाईलच, पण मी कोथरूडला परत जाऊ शकत होतो. आक्का कुठे जाणार होत्या?

संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. अंगणात, खाटेच्या कडेला बसून. नानांना पक्षाघात झाला होता, वर्षभर ते याच खाटेवर पडून होते. वाचा गेलेली, एक बाजू गेलेली, फक्त उजवा हात हलायचा. त्या दिवसांत बबन 'माती वढायची हाय' म्हणून ट्रॅक्टर घेऊन गेला. दुपारची वेळ. आक्का नानांना पेज भरवत होत्या. रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला.

"ह्ये आईकत हुतं. सोताच्या ट्रॅक्टरचा आवाज, वळखनार न्हाई व्हय? लोडरचा जोर लागला की आवाज दबतो बगा, तसा दबला. आन ह्येंनी हात उचलला." आक्कांनी स्वतःचा उजवा हात खाटेवरून हळूहळू वर नेला आणि हातभर उंचीवर तसाच थांबवला. "आसा. मला वाटलं पानी मागत्यात. पानी पाजलं. तरी हात वरच. दुसऱ्या दिवशी बी. पार जाईस्तवर."

"आणि तो आवाज?"

"दगड उपटत हुता, भाऊ. शेवग्यापासला दगड काढून हिकडं रोवला. ह्येंच्याच ट्रॅक्टरनं. ह्ये गेल्यावर मला उमगलं. गावात सांगितलं तर म्हनले, आक्का, तुजी नजर चुकती."

शेवग्यापासचा दगड. चमत्कार म्हणून नाही, तर दावा तपासायची सवय म्हणून मला आणखी एकच प्रश्न सुचला. "पण पुरावा काय? बाकीचे दगड रस्ता रुंद करताना गेले. उरला हा एकच. मोजणी त्याच्यावरूनच होणार."

"दगडाखाली कोळसा आसतो की," आक्का म्हणाल्या. "जुनी मानसं दगड रोवताना खाली कोळसा आन खापऱ्या पुरायची. कोळसा कुजत न्हाई. दगड हलीवला तरी त्यो र्‍हातो. पर कुटं खांदायचं? शेवग्यापास म्हंजी नेमकं कुटं? बुंदा आता केवडा वाडलाय, मला बी नक्की सांगता येत न्हाई. आन मोजनीच्या आदी खांदलं तर बबन म्हनंल, ह्येंनीच पुरला."

यात तथ्य होतं. मी ठरवलं, मोजणीवाल्या साहेबांच्या समोरच खणायचं. कुठे, ते तेव्हा बघू.

सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळे जमले. मोजणीवाले साहेब तिपाईवर यंत्र लावत होते. बबनबरोबर दोन पाहुणे, साक्षीदार म्हणून. आक्का शेवग्याच्या सावलीत, पदर डोक्यावर घेऊन. इक्बालमिस्त्रींना मी मुद्दाम बोलावलं होतं. खणायला म्हणून ट्रॅक्टर शेवग्यापाशी आणून उभा केला होता. शिकवल्याप्रमाणे बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली. हे मी शपथेवर सांगतो, आणि शपथेचा अर्थ मला धंद्यामुळे माहीत आहे.

बबन रंगात होता. पाहुण्यांसमोर छाती काढून बोलत होता. आक्का एवढंच म्हणाल्या, "बबन, तुजा काका बगतोय."

"बगू दे की!" तो मोठ्यानं हसला. "नाना आसता तर त्यानंच पयली सही केली आसती. त्यो माजाच हुता." आणि काकीला काहीच वाटत नाही असं दाखवायला म्हणा, पाहुण्यांना आपला रुबाब दाखवायला म्हणा, तो चार पावलं पुढे आला आणि बकेटच्या कडेवर खुर्चीवर बसावं तसा बसला. पायावर पाय टाकून.

वर्षानुवर्षं तो ट्रॅक्टरच्या पुढून गेला नव्हता. त्या दिवशी विसरला.

आधी एक बारीक आवाज झाला. नळीत तेल सरकतं तसा. मग बकेट उचलली गेली. इंजिन बंद. धूर नाही, धडधड नाही, सकाळच्या उन्हात नुसती शांतता, आणि त्या शांततेत बबन हळूहळू वर निघाला. हातभर वर जाऊन बकेट थांबली.

आक्कांनी तोंडावर पदर धरला.

"ए... ए दादा, खाली घ्या! मस्करी करू नका!"

मी खिशातून चावी काढून त्याला दाखवली. एवढंच सुचलं. त्याच वेळी बकेट पुन्हा हलली. कमरेएवढी. खांद्याएवढी. मोजणीवाले साहेब तिपाई सोडून मागे सरकले. पाहुणे गेटाबाहेर पोचले होते. मिस्त्री धावत जाऊन लिव्हरवर लटकले, खाली ओढला, वर ढकलला. कशाचा काही उपयोग नाही. बबन जमिनीपासून सहा फुटांवर, बकेटच्या कडा घट्ट धरून, पांढराफटक.

"काकी! काकी, सांगा त्याला!"

"कुनाला सांगू?" आक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तूच सांग. तुजाच हुता न्हवं?"

बबननं सांगितलं. वरून, सगळ्यांच्या देखत. "नाना, चुकलं. दगड मी हलीवला. नाना, खाली घ्या..."

मला खरं सांगू का, इथे गोष्ट संपायला हवी होती. कबुली मिळाली, साहेबांनी ऐकली. सूड घेणारा कुणी भला असता तर त्यानं बबनला अलगद खाली ठेवलं असतं. तसं झालं नाही. बकेट पुढे कलंडली, माती ओततात तशी, आणि बबन खाली आला. पाय घोट्याशी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग आख्खा लोडर सुटला आणि त्याच्या मोडलेल्या पायापासून वीतभर अंतरावर दातांसकट जमिनीत घुसला.

त्याला बाजूला ओढून रिक्षात घालून पाठवल्यावर मी इंजिन सुरू केलं आणि बकेट उचलली. तिच्याबरोबर मातीचा गड्डा वर आला. काळा. मोजणीवाले साहेब खाली वाकले, चिमूट बोटांत चोळली, एक खापरी उचलून फुंकली.

"जुन्या निशाणीचा कोळसा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच, "साहेब, पंचनाम्यात बकेटचं काही लिहायला सांगू नका. माझी बदली होईल."

मोजणी त्या कोळशावरून झाली. गेट, विहीर, रस्त्याचा पट्टा, सगळं आक्कांचं. दगड परत शेवग्यापाशी रोवला. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी आख्खा लोडर खोलला. सगळं ठीक होतं. "साहेब, खाली का आली ते मी दहा कारणांनी सांगीन," ते म्हणाले, "वर का गेली ते मला विचारू नका." आणि मजुरी न घेता निघून गेले.

आता माझा पुढचा पराक्रम. बबन तीन महिने प्लास्टर घालून पडून होता. त्याची खोली कुंपणाला लागून. मी त्या तीन महिन्यांत रोज दुपारी, त्याच्या झोपेच्या वेळी, बरोब्बर त्याच्या खिडकीखाली माती उचलली. गरज नसताना. एकच ढीग इकडून तिकडे, तिकडून इकडे. लोडरला जोर लागला की इंजिनाचा आवाज दबायचा, आणि खिडकीतून "आई गं" ऐकू यायचं. मला फार बरं वाटायचं. हे वाचून तुम्हाला मी नीच वाटलो तर वाटू दे.

त्याहून बरं पुढे झालं. बबननं अपघाताचा दावा केला, आणि विमा कंपनीनं साक्षीदार म्हणून माझा जबाब मागितला. फॉर्मवर प्रश्न होता, अपघातसमयी यंत्र कोण चालवत होते? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोणी नाही. इंजिन बंद होते. यंत्र आपोआप वर गेले.' शब्दन् शब्द खरा. दावा नाकारला गेला. माझ्या जागी आता जो कुणी बसतो, त्यानं चष्माही लावला नसेल.

इथपर्यंतची गोष्ट मी बरेच दिवस मित्रमंडळींत सांगत होतो, टाळ्या घेत होतो. पुढची आज पहिल्यांदाच लिहितोय.

गेल्या चैत्रातली गोष्ट. दुपारचे चार. मी नर्सरीत चहा पीत बसलो होतो, स्टुलावर, ट्रॅक्टरसमोर. सावली तिथेच होती. बकेट जमिनीला टेकलेली. चावी त्या दिवशी मी घरीच विसरून आलो होतो, कोथरूडला, फ्रिजवर. समोर आक्का कुरडया वाळत घालत होत्या. खाटेवर. नानांच्या त्याच खाटेवर.

मी सहज म्हटलं, "आक्का, जमिनीवर चादर टाकून घाला की. खाटेवर किती मावणार?"

"जागा कुटं हाय, भाऊ?" त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसतं उत्तर होतं.

माझ्या पाठीमागे तेल सरकल्याचा बारीक आवाज झाला.

मी वळलो नाही. वळायची हिंमत नव्हती. चहाचा कप हातात, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, की बकेटची कड माझ्या शेजारून वर येतेय. हातभर वर आली आणि थांबली. स्टुलावर बसल्या माझ्या मांडीच्या उंचीला. दात अंगणाच्या दिशेला.

तेव्हा मी पहिल्यांदा मोजलं. आक्कांचं अंगण आणि माझ्या कुंड्या. कढीपत्त्याची एक ओळ, जास्वंदीची एक, अडेनियमची एक, आणि मागच्या पावसाळ्यात 'तात्पुरती' म्हणून ठेवलेली चौथी. बबननं एका दुपारी दगड हलवला होता. मी रोप रोप करत तीन वर्षं हलवत होतो.

मी कप खाली ठेवला आणि उठलो. कुंड्या हातानं उचलल्या. सगळ्या, एक एक करून, एकशे बारा. कमरेनं काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. आक्का बघत होत्या. थांबा म्हणाल्या नाहीत, असू द्या म्हणाल्या नाहीत. शेवटची कुंडी हलवून मी वळलो तेव्हा बकेट जमिनीला टेकलेली होती. खाली यायची दहा कारणं असतात, हे मला माहीत आहे.

आक्कांनी कुरडया खाटेवरून काढून अंगणात चादरीवर पसरल्या. मग खाट उचलून आत नेली.

ट्रॅक्टर अजून माझ्याकडेच आहे. ग्रीस वेळेवर, तेल वेळेवर, बकेट खाली ठेवूनच तपासतो. चालतो उत्तम. शेवग्यापाशीही आता पडत नाही. हे सगळं काय होतं, मला माहीत नाही, आणि कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. मी फक्त एवढंच करतो, की ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूला जायचं झालं तर समोरून जात नाही. मागून वळसा घालतो. पंचवीस पावलं पडतात.